विजोड जोडीतला दुसरा

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने विषयाचे बंधन घातले नाही, याचा मी थोडासा गैरफायदा घेत आहे. अशा अंकात गुरुजनांचे ऋण, पहाटेची घंटा, भोजनगृहातील पंगत यांवर लिहिण्याचा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. माझा विषय मात्र चित्रपटांचा आहे. तेही गंभीर चित्रपट नव्हेत. परस्परांशी कशातच न जुळणारी दोन माणसे एका कामगिरीवर एकत्र सापडतात, आधी एकमेकांचा जीव खातात आणि शेवटच्या मारामारीत एकमेकांचा जीव वाचवतात, अशा विनोदी मारधाडपटांविषयी मला लिहायचे आहे.

मराठीत हा प्रकार रुजवला तो महेश कोठारे यांनी. 1987 च्या ‘दे दणादण’मध्ये ते स्वतः आणि लक्ष्मीकांत बेर्डे पोलीस शिपाई होते. त्यातील भित्र्या शिपायाला मारुतीचे बळ लाभते आणि लाल रंग दिसताच ते ओसरते. पुढे ‘थरथराट’ (1989), ‘धडाकेबाज’ (1990) आणि ‘झपाटलेला’ (1993) आले. ‘थरथराट’मधला टकलू हैवान राहुल सोलापूरकर यांनी रंगवला, त्या आडनावाचा आम्हां सोलापूरच्या मुलांना उगाचच अभिमान वाटे. या चित्रपटांत एकजण करारी, शिस्तीचा, बहुधा वर्दीतला. दुसरा घाबरट, बडबड्या आणि भाबडा. समीक्षकांनी या चित्रपटांना फारसे जवळ केले नाही. सोलापूरच्या टॉकीजमधील प्रेक्षकांनी मात्र केले.

त्यांच्या गोडीचे कारण केवळ विनोदात आहे, असे मला वाटत नाही. आपण निवडलेला मित्र आपल्यासारखाच असतो. त्याच्याशी जमवून घेण्यात विशेष ते काय? या जोड्या कोणी निवडलेल्या नसतात. त्या नेमून दिलेल्या असतात. वसतिगृहात वर्षारंभी फळ्यावर खोल्यांची यादी लागत असे आणि आपल्या नावाखाली कोणाचे नाव आहे हे धडधडत्या छातीने वाचावे लागे, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या चित्रपटांचे मर्म वेगळे सांगायला नको.

माझ्या नावाखाली अक्कलकोट तालुक्यातील एका मुलाचे नाव होते. त्याच्या घरी कन्नड बोलत. मी बार्शीकडचा. मराठीतील लिंगभेद त्याला काही केल्या साधत नसे; पंखा ‘ती’ व्हायचा, भाजी ‘तो’ व्हायची आणि खोली हसायची. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा एकाच रस्त्यावर ऐकू येणाऱ्या या शहरात एखाद्याच्या बोलण्याला हसण्याचे खरे तर काही कारण नव्हते. पण हसण्याला कारण लागत नाही, फक्त बहुमत लागते. भाड्याच्या व्हीसीआरवर ‘झपाटलेला’ पाहिल्यावर त्याचे नावच ‘लक्ष्या’ पडले. ‘महेश’ अर्थातच मी. गणितात तो माझ्याहून कितीतरी पुढे होता. माझी उदाहरणे तोच सोडवून देत असे. तरी आमच्या जोडीतले शहाणे मलाच समजले जाई.

खूप वर्षांनी एका मेळाव्यात तो सहज म्हणाला, “ते नाव मला कधीच आवडलं नाही रे.” तेव्हापासून हे चित्रपट मी जरा निराळ्या नजरेने पाहतो.

‘झपाटलेला’च घ्या. दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू मरताना मंत्राच्या बळावर एका बाहुल्यात शिरतो. हॉलिवूडच्या ‘चाइल्ड्स प्ले’ची (1988) छाया त्यावर स्पष्ट आहे, पण रामदास पाध्ये यांनी घडवलेला बाहुला मात्र अस्सल आपला झाला. बाहुला जिवंत आहे हे सत्य पहिल्यांदा कळते ते लक्ष्याला आणि त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. ज्याला सर्वांनी वेड्यात काढले तोच एकटा खरे बोलत असतो. शेवटी गोळी इन्स्पेक्टर झाडतो हे खरे, पण चित्रपट लक्षात राहतो तो लक्ष्याचा. 2004 मध्ये बेर्डे गेले तेव्हा लोक हळहळले, ते ‘दुसऱ्या’ माणसासाठीच. या चित्रपटांचा हा मोठेपणा मी मान्य करतो.

पण एक गोष्ट हे चित्रपट टाळतात आणि आपल्या वाचकांना ती खटकल्यावाचून राहणार नाही. अमेरिकेत ‘48 अवर्स’ (1982) आणि ‘लेथल वेपन’ (1987) या दोन्ही जोड्यांत एक गोरा आणि एक काळा आहे. तिथला विजोडपणा केवळ स्वभावाचा नाही, जन्माने पदरी आलेल्या इतिहासाचाही आहे. तो त्यांनी सखोल हाताळला असे नव्हे. पण पडद्यावर आणला. आमच्या जोड्या स्वभावाने विजोड असतात, जातीने कधीच नाही. ‘मैं खिलाड़ी तू अनाड़ी’मधला (1994) मुंबईचा इन्स्पेक्टर करण जोगळेकर आणि त्याच्या गळ्यात पडलेला सिनेनट यांच्यात हजार भांडणे होतात, आडनावावरून एकही नाही. प्रत्यक्षात आपल्याकडे दोन अनोळखी माणसांच्या संभाषणातला दुसरा किंवा तिसरा प्रश्न कोणता असतो, हे मी या अंकात सांगण्याची गरज नाही.

आपल्याच जिल्ह्यातील जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी ‘सैराट’मध्ये (2016) परश्याला दोन सोबती दिले: लंगडा प्रदीप आणि सल्या. पूर्वार्धात ते आपल्याला पोटभर हसवतात. पण प्रदीपला जेव्हा त्याचे पायच त्याच्या प्रेमाआड येतात हे उमगते, तेव्हा थिएटरमधले हसू घशात अडकते. हसवणाऱ्यालाही काही दुखते, हे आमच्या महेश-लक्ष्या चित्रपटांनी इतक्या सरळपणे कधी दाखवले नव्हते. ‘सैराट’ मारधाडपट नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही विजोड सोबत्यांचा खरा चित्रपट कोणी काढायचा ठरवला, तर त्याने सुरुवात तिथून करावी, असे माझे मत आहे.

गेल्या दिवाळीत माझा खोलीसोबती शुक्रवार पेठेतील आमच्या घरी मुलांसह आला होता. टीव्हीवर ‘झपाटलेला’ लागला होता. त्याच्या धाकट्याने विचारले, “काका, तुमच्यातला लक्ष्या कोण होता?” तो माझ्याकडे पाहू लागला. मी म्हणालो, “मी.” त्याने काही न बोलता आवाज वाढवला.