गारपीट आणि नवा गारपगारी

साकोली तालुक्यांतील एकोडी घ्या, किंवा भंडारा जिल्ह्यांतील दुसरें कोणतेंही गांव घ्या. धान निघालेल्या बांध्यांत लाखोरी व हरभरा पिकत आलेला, आंब्याला मोहोर, मोहफुलें वेंचावयास थोडेच दिवस उरलेले. अशा वेळीं आभाळ काळवंडतें आणि घटकाभरांत वर्षाची कमाई चिखलांत जाते. समुद्राकडून आलेली दमट हवा कोरड्या हवेशीं भिडून जोरानें वर चढली, म्हणजे ढगांत पाणी गोठून गारा होतात. यांत कोणाचें पाप नाहीं कीं कोणाचा ग्रह नाहीं, हें आमच्या वाचकांना सांगावयास नको.

तरी आमच्या पूर्वजांनीं गारा अडविण्यासाठीं एक माणूस नेमिला होता. त्याचें नांव गारपगारी. नागपूर-वऱ्हाडकडील हा नाथपंथी गांवकामगार मंत्रानें गारा परतवितो अशी समजूत होती, व त्याबद्दल त्याला धान्य मिळे. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथांत त्याची नोंद आहे. मंत्रानें गारा थांबत नाहींत. पण त्या गरिबाला आम्ही हंसणार नाहीं. तो गांवांतच राही. गारा पडल्या तर त्याचेंही कवेलू फुटे, आणि खळें रिकामें तर त्याची ओंजळही रिकामी.

आतांचा गारपगारी पहा. २०१६ पासून पंतप्रधान पीक विमा योजना आहे. रब्बीच्या धान्याला शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या शेंकडा दीड; बाकीचा सरकार भरतें. योजनेच्या मूळ नियमांत गारांनीं पीक गेलें तर ७२ तासांत कळवावयाचें होतें. ज्याचें छप्पर उडालें, गांवची वीज गेली, मोबाईल मुका झाला, त्यानें आधीं लेकरांवर आडोसा करावा कीं तक्रार नोंदवावी? कंपनीच्या घरावर तर गार पडत नाहीं!

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चांत राज्यभर गारपीट झाली. सरकारनें कोरडवाहू पिकास हेक्टरीं १०,००० रुपये, बागायतीस १५,००० व फळबागेस २५,००० जाहीर केले. २०१५ च्या एप्रिलांत केंद्रानें निम्म्याऐवजीं ३३ टक्के नुकसानीवर मदत देण्याचें ठरविलें. हें बरेंच झालें. पण हेक्टरानें मोजलेली मदत ज्याच्या नांवें हेक्टर आहे त्यालाच पोंचते. ठेक्यानें बांधी करणाराचें नांव सातबाऱ्यावर नसतें. हरभरा उपटावयास जाणाऱ्या बाईची मजुरी बुडाली, तिचा पंचनामा कोण करतो? कुंभाराचीं उन्हांत मांडलेलीं कच्चीं मडकीं पुन्हां माती झालीं, तीं कोणत्या रकान्यांत लिहावयाचीं? घर अंशतः पडल्याची मदत हवी तर निदान १५ टक्के नुकसान दिसावें लागतें. फुटलेलें कवेलू मोजण्यावरच सारें येतें.

आणि एक गोष्ट गांवांत फारशी कोणी सांगत नाहीं. आपत्ति-मदतीच्या नियमांत विणकर व हस्तकारागिरांच्या हत्यारांसाठीं आणि कच्च्या मालासाठीं स्वतंत्र कलम आहे. सक्षम अधिकाऱ्याचा दाखला मात्र लागतो. तेव्हां तलाठी पंचनाम्यास येईल त्या दिवशीं शेतवाल्यांनीं आपलीच बांधी दाखवून परतूं नये. त्याला कुंभारवाड्यांत, विणकराच्या मागापर्यंत घेऊन जावें. ठेकेकऱ्याचें नांव त्याच वेळीं लिहून द्यावें. झालेली यादी ग्रामपंचायतीसमोर मोठ्यानें वाचवून घ्यावी, आणि जें नांव सुटलें असेल तें तेथेंच, सर्वांच्या देखत, घालावयास लावावें.