कच्चा मेंदू कोणाचा?

बारावीच्या निकालाचे दिवस जवळ आले की व्हॉट्सॲपवर एक लेख हमखास फिरू लागतो. टीनएजर मुलांचा मेंदू पंचविशीपर्यंत पक्व होत नाही, म्हणून ती अशी वागतात! वाचून आईबाप सुस्कारा सोडतात. आमच्या गोव्यात 'भुरग्यांक अक्कल ना' हे आधीपासून ठरलेलेच होते. आता त्याला शास्त्राचा शिक्का मिळाला, इतकेच.

शास्त्र खोटे नाही. भावना उसळवणारा मेंदूचा आतला भाग वयात येतानाच तापू लागतो. परिणामांचा विचार करून लगाम ओढणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. पण त्याच शास्त्राचे पुढचे वाक्य कोणी फॉरवर्ड करीत नाही. शांतपणे विचार करायला वेळ मिळाला तर सोळा वर्षांचे मूल जवळजवळ मोठ्यांइतकाच नीट विचार करते. घोळ होतो तो भीती, अपमान आणि चारचौघांच्या नजरा एकदम अंगावर आल्या की. म्हणजे प्रश्न नुसता मेंदूचा नाही. त्या मेंदूला आपण कुठे नेऊन उभे करतो, याचा आहे.

हैदराबादचेच घ्या. तिथल्या इंटरमीडिएट बोर्डाने १८ एप्रिल २०१९ रोजी तेलंगणातल्या इंटरच्या दोन्ही वर्षांचा, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीचा, निकाल लावला. नऊ लाखांवर मुले बसली होती, तीन लाखांवर नापास झाली. परीक्षेला हजर असलेली काही मुले गैरहजर दाखवली गेली. तेलुगूत ९९ गुण मिळवलेल्या एका मुलीच्या नावापुढे शून्य पडले. निकालानंतरच्या थोड्याच दिवसांत वीसहून अधिक मुलांनी जीव दिला. त्या प्रत्येकामागे एकच कारण होते असे मी म्हणणार नाही; तसे कधीच नसते. पण अशा वेळी 'हल्लीची पोरे फार हळवी' हे वाक्य ऐकू येतेच, आणि मला संताप येतो तो त्याचा.

मी सरकारी कारकून आहे. आकडा कसा चुकतो हे मला ठाऊक आहे. आमची चूक निघाली तर आधी खुलासा, मग स्मरणपत्र, मग चौकशी... सावरायला महिने मिळतात. त्या मुलीसारख्यांना 'नापास' हा शब्द पचवायला किती मिळतो? एक संध्याकाळ. तीही शेजाऱ्यांच्या 'किती पडले गं?' या प्रश्नासकट.

हैदराबादेत आरडाओरडा झाल्यावर सरकारने समिती नेमली, तिला चुका सापडल्या. नापास झालेल्या सर्वांचे पेपर फुकट तपासले गेले आणि हजाराहून अधिक मुले पास निघाली. हे निकाल लावण्याआधी का सुचले नाही? तिथे तर सगळे पिकलेले मेंदूच बसले होते ना!

पोरांचा मेंदू घडतो आहे, हे त्यांना झोडपण्याचे निमित्त नव्हे. मोठ्यांची जबाबदारी त्याने वाढते. शून्य किंवा गैरहजर दिसले तर निकाल लावण्यापूर्वी उत्तरपत्रिका पुन्हा उघडा. पुरवणी परीक्षेची तारीख निकालासोबतच द्या. टेली-मानसचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा क्रमांक गुणांच्याही वर छापा. आणि त्या संध्याकाळी घरात टक्केवारी विचारण्याआधी 'जेवलास का?' एवढे विचारा.

आपला गोवा लहान, इथे लाखांनी मुले बसत नाहीत, म्हणून आपण सुटलो असे कोणी समजू नये. लहान गावात निकाल तर जास्तच लवकर पसरतो.