रसायन सोडा म्हणणाऱ्यांस

दहावीचा निकाल लागल्यापासून अकरावीचा प्रवेश पक्का होईपर्यंतच्या दिवसांत कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत ज्या एका जिनसाची कधीच टंचाई भासत नाही, तो म्हणजे फुकटचा सल्ला. नेरळपासून खोपोलीपर्यंतच्या शाळांच्या सभागृहांत व मंगल कार्यालयांत या सुमारास मार्गदर्शनाच्या सभा भरतात. त्यांतल्याच एका सभेत एका व्यवहारचतुर मार्गदर्शकांनी, अभियंता होऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींपुढे आणि त्यांच्याहून अधिक धास्तावलेल्या पालकांपुढे, विषयनिवडीचे जे शास्त्र विशद केले व पुढे छापील पत्रकाच्या रूपाने घरोघर पोचते केले, ते शास्त्र येथे तपासावयाचे आहे. या गृहस्थांचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. मत त्यांच्या एकट्याचे असते तर त्याकडे कानाडोळा करता आला असता. परंतु कल्याणच्या क्लासपासून कर्जतच्या फलाटापर्यंत जो तो तेच मत निरनिराळ्या आवाजांत सांगत असल्यामुळे त्याचा परामर्श घेणे भाग आहे.

त्यांचा पूर्वपक्ष असा. अभियांत्रिकीचा प्रवेश सीईटीवर ठरतो, बारावीच्या गुणांवर नाही. सबब बारावीत पात्रतेपुरते गुण पडले की काम भागले. भौतिक आणि गणित टाळता येत नाहीत म्हणून ते घ्यावेत. तिसरा विषय रसायनच असला पाहिजे असा कायदा आता उरलेला नाही, तेव्हा जो विषय 'स्कोअरिंग' असेल तो घ्यावा. जीवशास्त्र म्हणजे बेडकांची विद्या, ती सोडावी. मराठी सोडून तिच्या जागी माहिती तंत्रज्ञान घ्यावे. अकरावी हे विसाव्याचे वर्ष समजावे. प्रात्यक्षिकांचे गुण महाविद्यालय देतेच, तेव्हा तेथे रोज जाण्यात रेल्वेचा पास आणि वेळ दोन्ही दवडू नयेत. आणि सरतेशेवटी, ज्याला सभागृहाने टाळ्या दिल्या ते सुभाषित : हे युग संगणकाचे आहे, आणि संगणकाला परीक्षानळी लागत नाही!

यांतल्या काही कलमांचा निकाल एकेका ओळीत लागतो. ज्याला वैद्यकाची वाट मोकळी ठेवावयाची नाही त्याने जीवशास्त्र खुशाल सोडावे. बेडकांवर राग काढण्याचे मात्र कारण नाही. अकरावी विसाव्याची म्हणावी, तर ज्या सीईटीची हे गृहस्थ आरती ओवाळतात तिच्यात सुमारे 20 टक्के प्रश्न अकरावीच्याच अभ्यासक्रमावर असतात, एवढे सांगितले म्हणजे पुरे. भाषेचा प्रश्न पुढे येईलच. आता मुख्य मुद्दा, म्हणजे रसायन.

रसायनाला रजा देण्याची ही कल्पना निघाली कोठून, हे प्रथम पाहिले पाहिजे. 2021 साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीच्या पात्रतेसाठी चौदा विषयांची यादी प्रसिद्ध करून त्यांपैकी कोणतेही तीन चालतील असे जाहीर केले, आणि त्या यादीत भौतिक, रसायन, गणित यांच्या पंगतीला कृषी, जैवतंत्रज्ञान, व्यवसाय अध्ययन आणि उद्योजकता हेही विषय बसवलेले होते. त्यावर देशभर गदारोळ उठला तेव्हा, गणित हा पायाच आहे आणि ही मोकळीक राज्यांवर बंधनकारक नाही, असा खुलासा परिषदेकडून झाला. आमचे मार्गदर्शक मूळ हुकूम मोठ्या आवाजात वाचून दाखवतात. खुलाशाचा कागद मात्र त्यांच्या दप्तरातून गहाळ झालेला दिसतो. पण आपण तो हुकूम जसाच्या तसा कबूल करू. तिसरा विषय रसायन नसला तरी पात्रता मिळते, हे मान्य करू. पात्रता मिळाली, पुढे काय? पुढे सीईटी. आणि त्या सीईटीच्या 200 गुणांपैकी 100 गणिताला, 50 भौतिकाला आणि उरलेले 50 कोणाला, तर ज्याला दारातून हाकलले त्या रसायनाला! म्हणजे ज्या परीक्षेखेरीज दुसऱ्या कशालाही किंमत नाही असे पहिल्या कलमात बजावले, तिच्या एक-चतुर्थांश गुणांवर दुसऱ्या कलमात उदक सोडले. आणि हा जमाखर्च मांडणारा गृहस्थ व्यवहारचतुर म्हणवून घेतो! जेईई मेनमध्येही भौतिक आणि गणित यांच्या बरोबरीने रसायन उभेच आहे. विषय महाविद्यालयात घ्यावयाचा नाही आणि परीक्षेपुरता क्लासात शिकावयाचा, असा यातला गर्भितार्थ असेल तर तो उघड सांगावा, म्हणजे सल्ला कोणाच्या गल्ल्याच्या सोयीचा आहे हेही पालकांना उमजेल.

प्रवेशानंतर तरी या विषयाचा पिच्छा सुटतो काय? मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षात संगणक शाखेच्या विद्यार्थ्यालाही वर्षानुवर्षे अभियांत्रिकी रसायनशास्त्राची उत्तरपत्रिका लिहावी लागली आहे, आणि बारावीला जो विषय पाहिलाच नाही त्याची विद्यापीठाच्या परीक्षेत प्रथम भेट झाली की 'केटी' नावाच्या पाहुण्याला घरी मुक्काम मिळतो. राहिला प्रश्न संगणकाला परीक्षानळी न लागण्याचा. संगणकाच्या पोटात जी चिप असते ती वाळूतून काढलेल्या सिलिकॉनला नव्व्याण्णवाच्या पुढे कित्येक नऊ लागतील इतके शुद्ध करून, त्यात बोरॉन-फॉस्फरससारखी मूलद्रव्ये मोजून मिसळून, आम्लांनी व वायूंनी तिच्यावर नक्षी कोरून तयार होते. तिला चालवणारी बॅटरी हे तर बारावीच्या विद्युत् रसायनाचे प्रकरणच आहे. संगणकाला परीक्षानळी लागत नाही हे विधान करण्यापूर्वी वक्त्याने खिशातल्या भ्रमणध्वनीची तरी परवानगी घ्यावयास हवी होती.

आणि हा उपदेश करावयाचा कोठे, तर खालापुरात! पाताळगंगेच्या ज्या खोऱ्यात रसायनीला 1960 साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सचा सरकारी कारखाना उभा राहिला, जेथे पोलादी पत्र्यावर जस्ताचा लेप चढवून तो गंजापासून वाचवण्याचा उद्योग खोपोलीच्या वेशीवर चालतो, जेथे नदीच्या पाण्यात कोणत्या कारखान्याने काय सोडले यावरून ग्रामसभा तापतात, तेथल्या मुलाला रसायन निरुपयोगी म्हणून सांगावयाचे! खोपोलीचे वीजगृह 1915 पासून चालू आहे, भिवपुरीचे 1922 पासून. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी लोखंडी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली येऊन जेथे पेल्टन चक्रांवर आदळते, तेथे त्या नळांचा गंज हा अभियंत्याच्या रोजच्या चिंतेचा विषय असतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटमधले सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होते, आणि त्या संयोगात उष्णता बाहेर पडते म्हणून मोठ्या कामात काँक्रीट थंड राखण्याची तजवीज करावी लागते. हे सर्व रसायन आहे. ते स्थापत्याला लागते, यंत्राला लागते, विजेला लागते. फक्त मंगल कार्यालयातल्या ध्वनिक्षेपकाला लागत नाही.

रसायनावर इतका राग असण्याचे खरे कारण निराळेच आहे. गणित न आले तर ते तोंडावर सांगते. भौतिक सूत्रांच्या आडोशाने काही काळ निभावून नेता येते. रसायन मात्र पाठांतर, आकलन आणि हाताची सफाई ही तिन्ही एकदम मागते. ब्युरेटमधून थेंबाथेंबाने द्रव सोडीत, रंग पालटण्याच्या नेमक्या क्षणी तोटी बंद करण्याचा संयम 'स्कोअरिंग' विषयांत मिळत नाही, आणि अभियंत्याच्या अंगी जो गुण सर्वांत आधी हवा तो हाच संयम होय.

येथून प्रात्यक्षिकांच्या कलमाकडे येतो. भौतिक आणि रसायन यांच्या शंभर गुणांपैकी तीस प्रात्यक्षिकांचे असतात, आणि ते 'मिळतातच' असे गृहीत धरून मुलांना प्रयोगशाळेपासून दूर ठेवण्याचा शिरस्ता आता राज्यभर रूढ झाला आहे. नाव एका महाविद्यालयात, देह दुसऱ्या शहरातल्या क्लासात, अशा या दुहेरी वास्तव्याला आळा घालण्यासाठी शासनाला 2018 साली विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा हुकूम काढावा लागला. एवढ्यावरून रोगाची व्याप्ती ध्यानी यावी. त्यातही हा सल्ला कोणाला परवडतो? ज्याच्या घरी क्लासाच्या शुल्काची सोय आहे त्याला. माथेरानच्या पायथ्याच्या वाडीतून पायी उतरून येणाऱ्या ठाकर वा कातकरी मुलीला व्हर्निअर कॅलिपर हातात धरावयास मिळण्याचे जगात एकच ठिकाण आहे, आणि ते म्हणजे तिच्या कनिष्ठ महाविद्यालयाची प्रयोगशाळा. तिला तेथे जाऊ नको म्हणणे हा सल्ला नव्हे, अपहार आहे.

हा वाद नवा नाही. इंटर सायन्सच्या काळीही गणिताचा गट हुशारांचा आणि उरलेले सारे उरलेल्यांचे, अशी वर्णव्यवस्था होतीच. आणि तांत्रिक विद्यालयांत सुतारकाम, जोडकाम, यंत्रचित्र हे विषय घेणाऱ्या मुलाकडे 'अभ्यासात बेताचा' म्हणून पाहण्याची रीत आमच्या पांढरपेशा घरांत होती. कानस धरणारा हात आणि समीकरण सोडवणारे डोके एकाच धडावर असू शकते, ही गोष्ट पटवण्यासाठी त्या वेळी जितकी शाई खर्च झाली तितकी आजही पुरेशी ठरलेली नाही. तेव्हा हाताला तुच्छ लेखणारे निदान पुस्तकाला तरी मानीत. आजच्यांनी पुस्तकही गुंडाळून हाती पर्यायांची प्रश्नसूची दिली आहे. शिक्षणाच्या माध्यमाचा जुना वादही येथे दार ठोठावतो. विज्ञान मराठीत शिकवले तर मुले मागे पडतील, असे ज्यांनी एकेकाळी ठासून सांगितले त्यांचेच वारस आता मराठी हा विषयच नको म्हणतात, तेव्हा त्यांचे पाऊल क्रमानेच पडते आहे. अभियंत्याला मजुराशी, सरपंचाशी, भूसंपादनात जमीन गेलेल्या शेतकऱ्याशी बोलावे लागते. निविदा वाचावी लागते, पंचनामा समजून घ्यावा लागतो, कामाचा अहवाल लिहावा लागतो. हे कोणत्या आज्ञावलीत होते?

आता मंडन. ते खंडनाइतके चमचमीत नाही, कारण खरा सल्ला बहुधा नीरसच असतो. अभियंता व्हावयाचे असेल तर भौतिक, रसायन आणि गणित हे तिन्ही विषय पुरते घ्यावेत, आणि इंग्रजीबरोबर मराठी राखावी. द्विलक्ष्यी अभ्यासक्रमातला इलेक्ट्रॉनिक्स किंवा यांत्रिक देखभालीचा विषय घ्यावयाचा असेल तर तो जरूर घ्यावा, पण हत्यारे हाताळावयास मिळतात म्हणून. त्याच्या 200 गुणांच्या लोभाने नव्हे. मात्र मग दुसरी भाषा सुटते हे ध्यानात ठेवून ती घरी वाचावी. ज्याचे मन पुस्तकापेक्षा यंत्रात रमते त्याने दहावीनंतर तीन वर्षांची पदविका करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याचा मार्ग हलका मानू नये.

आणि या विषयांची गोडी लागावी म्हणून कोठे लांब जावे लागत नाही. कर्जतला पुण्याकडे जाणारी गाडी थांबते, प्रवासी वड्यासाठी धावतात आणि मागे बँकर इंजिने जोडली जातात, ती का? 1863 साली पुरा झालेल्या बोरघाटाच्या चढणीत सदतीस फुटांमागे एक फूट उंची आहे. म्हणजे हजार टनांच्या गाडीला केवळ चढ काटण्यासाठी सुमारे 27 टनांचा जादा जोर लागतो. हे अकरावीचे गणित आहे. खोपोलीला एक घनमीटर पाणी पाचशे मीटर खाली आले की त्यातून, काही वाया गेले नाही असे धरले तर, सुमारे 1.36 युनिट वीज मिळते. हे अकरावीचे भौतिक आहे. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. पावसाने भिजलेली माती उतारावर किती काळ तग धरते आणि केव्हा सुटते, हे सांगू शकणारा अभियंता खालापूर तालुक्याला हवा आहे, आणि तो घर्षण, पाण्याचा दाब व खडकाची रासायनिक झीज हे तिन्ही शिकल्यावाचून तयार होणार नाही.

पालकांना एवढीच विनंती आहे, की अर्ज भरण्यापूर्वी महाविद्यालयाचा निकालाचा फलक वाचून परत फिरू नये. प्रयोगशाळेचे दार उघडावयास सांगावे, बर्नरला गॅस येतो काय, तराजू चालतो काय, मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांच्या प्रयोगवह्यांत खरे आकडे आहेत की एकमेकांचे उतरवलेले, हे पाहावे. जेथे ते दार उघडत नाही तेथे प्रवेश घेऊ नये. आणि जो मार्गदर्शक रसायन सोडा म्हणेल, त्याने स्वतःच्या मुलाला कोणते विषय घेऊन दिले आहेत, एवढा एकच प्रश्न भर सभेत त्याला विचारावा.