अर्धवेळ आपांचा अर्ज

आमच्या शाळेतल्या ग्रंथपाल आपा अर्धवेळ आहेत. निदान कागदावर तरी. पगार अर्धा मिळतो, काम मात्र पूर्ण. कुणी शिक्षक रजेवर गेला की "आपा, जरा सातवीवर जाता का?" ही पहिली हाक त्यांनाच जाते. ग्रंथालय म्हणजे जिन्याखालची खोली आणि लोखंडी कपाटे. तरी दाखल नोंदवही अशी चोख, की कुठलेही पुस्तक मागा, दोन मिनिटांत हातात.

गेल्या महिन्यात त्या एक कागद घेऊन आमच्याकडे आल्या. जिल्ह्यातील शालेय ग्रंथपालांच्या संघटनेची निवडणूक आहे. आपांना अध्यक्षपदासाठी उभे राहायचे होते, आणि त्यासाठी सभासदांना एक पानी निवेदन पाठवायचे होते. त्यांचे शिक्षण उर्दूतून झालेले. म्हणाल्या, "सर, मराठी तेवढं तपासून द्या."

कागद न वाचताच आम्ही म्हणालो, "आपा, कशाला या भानगडीत पडता? नोकरी आहे, घर आहे, तेवढं सांभाळा." पलीकडून कुणीतरी टोमणा मारला, "अर्धवेळवाल्यांनी पूर्ण जिल्हा सांभाळायचा म्हणे!" स्टाफरूम हसली. आम्हीही हसलो. आपांनी कागदाची घडी घातली आणि त्या तासाला निघून गेल्या.

ते हसणे रात्री आम्हाला टोचू लागले. मुलींना आम्ही वर्गात सांगतो, पुढे या, बोला. आणि शेजारच्या खुर्चीवरची बाई पुढे आली, तर तिचा कागदही वाचत नाही!

दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या खोलीत गेलो, माफी मागितली आणि कागद मागून घेतला. त्यात 'मला संधी द्या' असे कुठेही नव्हते. चार कामे लिहिली होती. जिल्ह्यात किती शाळांत ग्रंथपाल अर्धवेळ आहेत आणि किती जागा रिकाम्या आहेत, याची शाळावार यादी करायची. वेळापत्रकातला ग्रंथालयाचा तास दुसऱ्या विषयाला दिला जाऊ नये, यासाठी पाठपुरावा करायचा. ज्या शिक्षकांकडे ग्रंथालयाचा नुसता जादा कार्यभार आहे, त्यांना वर्गीकरण आणि नोंदी शिकवायच्या. आणि पुस्तक खरेदीच्या यादीत उर्दू शाळांसाठी उर्दू पुस्तकेही मागायची.

आपांची अडचण स्टाफरूमपुरती नव्हती. त्यांचे सासरे दीनदार, वाचन असलेले गृहस्थ. ते म्हणाले होते, "बेटी, नबी (स.) यांनी पद मागायला मनाई केली आहे." आपांनी अदबीने उत्तर दिले, "अब्बा, हजरत युसूफ (अलै.) यांनी मिसरच्या बादशहाकडे खजिन्याचं काम स्वतः मागितलं होतं. रक्षण करता येतं आणि त्यातलं ज्ञान आहे, म्हणून मागितलं. मला मान नको, काम हवंय." अब्बा बराच वेळ गप्प राहिले. मग विचारले, "जिंकायला किती मतं लागतील?"

हा फरक आपल्या घराघरांत समजून घेण्यासारखा आहे. मिरवण्यासाठी पद मागणे वेगळे आणि येत असलेले काम अंगावर घेणे वेगळे. दुसऱ्याला आपण हावरेपणा म्हणू लागलो, तर खुर्च्या फक्त हावऱ्यांनाच मिळतील.

आपांनी आम्हाला एक प्रश्न विचारला, "शाळेतला ग्रंथपाल कधी मोठ्या खुर्चीपर्यंत गेलाय का?" पहिले नाव सुचले ते डॉ. एस. आर. रंगनाथन यांचे. १२ ऑगस्टला आपण त्यांची जयंती ग्रंथपाल दिन म्हणून साजरी करतो, हार घालतो. पण १९२८ साली मद्रासमध्ये ग्रंथालय संघ उभा राहिला, तेव्हा त्याच्या कामाचा भार त्यांनीच उचलला होता आणि पुढे १९४४ ते १९५३ ते भारतीय ग्रंथालय संघाचे अध्यक्ष होते, हे आपण विसरतो. मात्र ते विद्यापीठाचे ग्रंथपाल.

शाळेतले उदाहरण अमेरिकेत सापडले. मेरी गेव्हर या बाई व्हर्जिनिया राज्यातल्या डॅनव्हिल गावात हायस्कूलच्या ग्रंथपाल होत्या. पुढे त्या प्राध्यापक झाल्या. प्राथमिक शाळांची पाहणी करून त्यांनी दाखवले, की जिथे शाळेचे स्वतःचे ग्रंथालय आणि ग्रंथपाल असतो, तिथली मुले जास्त वाचतात. १९६५ साली तिथल्या शिक्षण कायद्यात शाळांच्या पुस्तकांसाठी दहा कोटी डॉलरची तरतूद झाली, आणि १९६६ साली गेव्हरबाई अमेरिकन ग्रंथालय संघाच्या अध्यक्ष झाल्या. हा संघ १८७६ सालचा. हायस्कूलमध्ये पुस्तके देणारी बाई तिथवर पोचली.

आपांनी ऐकले आणि म्हणाल्या, "त्यांच्याकडे आकडे होते. म्हणून मी आधी यादी करणार."

आमच्या मते मुद्दा इथेच आहे. पद किती भरायचे, पूर्णवेळ की अर्धवेळ, पुस्तके कोणती, तास किती, हे सारे जिथे ठरते तिथे शाळेचा ग्रंथपाल सहसा नसतो. त्याचे म्हणणे पोचवते ती संघटना. तिच्या खुर्चीवर कपाट उघडणारा, मुलांच्या आवडी जाणणारा माणूस नसेल, तर निवेदनात नुसते वेतन राहते, वाचन राहत नाही. आपांच्या कपाटात उर्दू साहित्याचा क्रमांक ८९१.४३९ आणि मराठीचा ८९१.४६. दोन्ही भाषा हाताच्या अंतरावर. दोन्हीकडची मुले ओळखणारी बाई जिल्ह्याला मिळाली, तर वाईट काय?

निवेदनात आम्ही फक्त चार वेलांट्या सुधारल्या. मतदान येत्या रविवारी आहे. निकाल अल्लाहच्या हाती. हरल्या तरी शाळांची यादी करणारच, असे आपा म्हणतात आणि त्या करतील.

वाचकांना एवढीच विनंती. आज रात्री जेवताना मुलांना विचारा, शाळेत ग्रंथालयाचा तास होतो का? पुस्तक कोण देतं? उत्तर नीट आले नाही, तर पुढच्या पालक सभेत तोच प्रश्न मुख्याध्यापकांना विचारा. आणि घरातली सून, बहीण किंवा मुलगी असा एखादा कागद घेऊन आली, तर आमच्यासारखे न वाचता बोलू नका.