डोकी मोजून दवाखाने ठरवावेत काय?

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातील रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर या जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या दशकाच्या तुलनेत अनुक्रमे सुमारे ४.८, २.२ आणि ७.६ टक्क्यांनी घटलेली आढळली. अशा घटीवरून दोन निष्कर्ष काढले जातात. पहिला असा की माणसे वंचित प्रदेशातून निघून संपन्न प्रदेशात जातात, म्हणून लोकसंख्येची घट ही वंचिततेची आणि वाढ ही सुस्थितीची खूण मानावी. दुसरा असा की माणसे कमी झाली की आजारीही कमी होतात, म्हणून आरोग्यसेवेची पदे आणि पैसा वाढत्या वस्तीकडे वळवावा. हे दोन्ही निष्कर्ष एकाच तोंडाने मांडले जातात, याचे नवल वाटते. कारण पहिला खरा मानला तर दुसऱ्याचा अर्थ सर्वाधिक वंचितांच्या ताटातले काढून घ्यावे असाच होतो.

पहिल्या निष्कर्षाला काहीच आधार नाही असे मात्र म्हणता येत नाही. ब्रिटनमध्ये लोकसंख्या घटत गेलेल्या भागांत मृत्युदर अधिक असल्याचे १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखवण्यात आले होते. परंतु त्यामागील कारणांचा विचार केला पाहिजे. ग्लासगो शहराची लोकसंख्या १९५१मध्ये दहा लाखांहून अधिक होती आणि शतकाच्या अखेरीस ती सहा लाखांच्या आसपास आली. या काळात नव्या वसाहतींकडे प्रामुख्याने तरुण, कुशल कामगारांची कुटुंबे गेली आणि वृद्ध, आजारी व बेरोजगार मागे राहिले. धडधाकट माणसांनीच गाव सोडण्याच्या या प्रक्रियेला निवडक स्थलांतर म्हणतात. तेथे मृत्युदर वाढला तो केवळ संख्या घटल्यामुळे नव्हे. कोण गेले आणि कोण राहिले याचाही त्यात मोठा वाटा होता.

घट आणि वंचितता यांतला हा फरक महाराष्ट्राच्या आकड्यांत अधिकच ठळक दिसतो. २००१ ते २०११ या दशकात नंदुरबारची लोकसंख्या सुमारे २५.७ टक्क्यांनी वाढली, पण तेथील साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास होती. लोकसंख्या घटलेल्या रत्नागिरीची साक्षरता मात्र ८२ टक्क्यांवर होती. वाढ ही सुस्थितीची खूण असती, तर नंदुरबार रत्नागिरीच्या पुढे असायला हवे होते. मुंबई शहरातील घट तर तिसऱ्याच जातीची आहे: तेथे चाळी आणि गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले, घरे सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेली आणि कुटुंबे उपनगरांत, ठाणे जिल्ह्यात सरकली. तेव्हा आकड्यामागचे उणे चिन्ह स्वतःहून काहीच सिद्ध करत नाही.

दुसरा निष्कर्ष अधिक घातक आहे, कारण त्यावरून माणसांच्या जिवाचे निर्णय होतात. रत्नागिरीत २०११ साली दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, तर राज्यात ९२९. कमावत्या वयाचे पुरुष मुंबईला गेल्याचे हे चिन्ह आहे. मागे राहतात म्हातारी माणसे, बायका आणि मुले, म्हणजे ज्यांना दवाखान्याची गरज अधिक पडते तेच. शिवाय चाकरमानी उमेदीची वर्षे मुंबईत घालवून थकला वा आजारी पडला की गावी परततो. गिरणीतल्या कापसाच्या धुळीने छाती धरलेला कामगार गावाकडच्या आरोग्य केंद्रात तपासला जाई, तेव्हा संपत्ती एकीकडे निर्माण होई आणि आजाराचा भार दुसरीकडे पडे. डोकी घटली म्हणून गरज घटली, हे गणित येथे साफ चुकते.

अंतराचा मुद्दा तर या हिशेबात येतच नाही. कोकणातील गाव म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या. दूरच्या धनगरवाड्यातून रुग्णाला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणायचे, तर डोली उचलायला चार खांदे लागतात, आणि तेच खांदे मुंबईला गेलेले असतात. शासकीय निकषांनाही हे अर्धे मान्य आहे: उपकेंद्रासाठी मैदानी भागात ५,००० लोकसंख्या लागते, तर डोंगराळ व आदिवासी भागात ३,०००, प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी हेच आकडे ३०,००० आणि २०,००० आहेत. भूगोल पाहून सवलत देता येते, तर वयोरचना पाहून का देऊ नये? सिंधुदुर्गातील गंभीर रुग्ण वर्षानुवर्षे गोव्यातील बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात नेले जात आले आहेत, आणि २०१८पासून गोव्याबाहेरील रुग्णांना तेथे शुल्क लागू झाल्यावर त्याचा चटका याच जिल्ह्याला बसला.

म्हणून आरोग्यसेवेचे निकष ठरवताना एकूण लोकसंख्येबरोबर साठीपुढील माणसांचे प्रमाण, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची संख्या, रुग्णालयापर्यंतचा वेळ आणि परतलेल्या आजारी कामगारांची नोंद या बाबी धरल्या पाहिजेत. पुढील जनगणना २०२७मध्ये पूर्ण व्हायची आहे. तिच्यात कोकणातील आणखी काही तालुके घटलेले दिसले, तर तेथील एकही उपकेंद्र वा परिचारिकेचे पद केवळ त्या घटीच्या आधारे हलवले जाऊ नये, असा स्पष्ट आदेश शासनाने आकडे जाहीर होण्यापूर्वीच काढावा.