पंपाचा भाग मागविण्यापूर्वी शाफ्ट पाहा

नदीकाठच्या गावाला होडीचे मोल पुराच्या दिवशी कळते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा व पंचगंगा या नद्यांच्या महापुराने सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील अनेक गावांना वेढा घातला, तेव्हा पाण्यात अडकलेल्या माणसांना होडीचाच आधार होता. अशा वेळी होडीची आउटबोर्ड मोटर तापून बंद पडली, तर तिच्यावरील सारा खर्च व्यर्थ होय. मोटर तापण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे तिचा निकामी झालेला पाण्याचा पंप.

हा पंप मोटरीच्या खालच्या भागात, गिअरपेटीच्या माथ्यावर असतो. इंजिनाची शक्ती पंख्याकडे नेणारा उभा शाफ्ट त्यातून आरपार जातो व रबरी पात्यांचा इंपेलर फिरवितो. हे रबर कालांतराने कडक होते, वाळूने झिजते, आणि मोटर पाण्याबाहेर कोरडी चालविल्यास अल्पावधीत फाटते. म्हणून इंपेलर बदलणे हे नित्याचे काम समजावे. अडचण येते ती मागणीपत्र लिहिताना.

“अमुक अश्वशक्तीच्या मोटरीचा पंपसंच पाठवावा” एवढेच लिहिण्याची रीत सोडून दिली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. एकाच कारखान्याच्या व एकाच अश्वशक्तीच्या मोटरींतही काळानुसार शाफ्टची घडण बदललेली असू शकते. कोठे इंपेलर अर्धचंद्राकृती चावीने अडकविलेला असतो, कोठे खिळीने, तर कोठे त्यासाठी शाफ्टची एक बाजू सपाट केलेली असते. जाडीही सर्वत्र सारखी नसते. “लांब शाफ्ट” वा “आखूड शाफ्ट” एवढ्यानेही भागत नाही; कारण १५ व २० इंची मोटरींना पुष्कळदा एकच इंपेलर चालतो. लांबी व वरच्या टोकाचे दाते यांचा प्रश्न येतो तो शाफ्टच मागवावयाचा असेल तेव्हा.

दुकानदार जाणता असतो, तो समजून घेईल, असे कोणी म्हणेल. परंतु त्याने आपली मोटर पाहिलेली नसते. होडीला मोटर अडकविण्याच्या पकडीवर बहुधा एक पट्टी असते. तिच्यावरील नमुना क्रमांक व अनुक्रमांक त्याला अवश्य कळवावेत. मात्र जुन्या मोटरीला दुसऱ्या मोटरीचा खालचा भाग जोडलेला असल्यास पट्टी एक सांगते आणि शाफ्ट दुसरेच. सबब दोन्ही पाहणे इष्ट होय. इंपेलर बसतो तेथील शाफ्टची जाडी व्हर्नियरने मोजावी, चावी, खिळी की सपाट बाजू ते लिहावे, आणि शक्य तर जुना इंपेलर चावीसह दुकानात न्यावा. चुकीच्या मापाचा इंपेलर कसाबसा बसविला, तर शाफ्ट फिरतो पण इंपेलर जागीच राहतो, पाणी चढत नाही आणि इंजिन जाम होते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती ग्रामपंचायतीच्या वहीत एकदा नोंदवून ठेवावी. कोकणातील मच्छीमार बांधवांनाही अशी नोंद तितकीच उपयोगी पडेल. वैशाखात पंप उघडून पाहिला, तर भाग मागविण्यास अवधी मिळतो. पुराचे पाणी त्याची वाट पाहत थांबत नाही.