सही अस्सल, पण कागदाचं काय?

चित्रकार एम. एफ. हुसेन यांच्या घोड्यांचा एखादा सेरिग्राफ, म्हणजे जाळीतून रंग उतरवून छापलेलं चित्र, विक्रीला आला की घेणारा आधी चित्राखालचा समास बघतो. पेन्सिलीची सही आहे? अडीचशेंच्या आवृत्तीतला 45 क्रमांकाचा ठसा सांगणारा 45/250 असा आकडा आहे? दोन्ही दिसलं की त्याचा जीव भांड्यात पडतो. फसगत इथेच सुरू होते. सही आणि आकडा ठशाची ओळख सांगतात; त्याचं मोल मात्र छपाईचा दर्जा आणि कागदाची अवस्था ठरवतात. चित्रकार रेम्ब्रांटच्या एचिंगवर, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेल्या चित्रांवर, ना पेन्सिलीची सही, ना आवृत्तीचा आकडा. अशा सहीची प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली. तरीही ड्रायपॉइंट (पत्र्यावर सुईने थेट कोरलेल्या) रेषेची मखमली कड शाबूत असलेले त्याचे सुरुवातीचे ठसे, झिजलेल्या पत्र्यावरून नंतर काढलेल्या ठशांपेक्षा कितीतरी महाग जातात. चित्रकार साल्वादोर दालीची गोष्ट नेमकी उलटी. 1974 साली फ्रान्स-अँडोरा सीमेवर त्याच्या सहीचे सुमारे 40 हजार कोरे कागद सापडले. सही होती, चित्राचाच पत्ता नव्हता!

यावर कुणी म्हणेल, बाजार तर सहीलाच पैसे मोजतो. मोजतो, हे खरंच. पण एकाच आवृत्तीतले अडीचशेही ठसे सहीचे असतील, तर त्यांच्यातला फरक सही कसा सांगणार? लहान आकड्याचा मोहही असाच फोल. सेरिग्राफमध्ये पहिला आणि दोनशेवा ठसा सहसा सारखाच उतरतो आणि आकडे छपाईच्याच क्रमाने घातलेले असतात असंही नाही. म्हणून दहापट भिंग घ्यावं. चित्रभर चौरंगी ठिपक्यांची नक्षी दिसली तर ती बहुधा ऑफसेट छपाई. खाली खरी सही असली तरी ते सहीचं पोस्टरच. सेरिग्राफमध्ये रंगाचे सलग थर आणि त्यांच्या स्वच्छ कडा दिसतात. कागद तिरक्या उजेडात धरला तर पेन्सिलीची चकाकी आणि दाबही जाणवतो. छापलेल्या सहीत ते नसतं.

कागदाची अवस्था इतकी महत्त्वाची का? आकृतिप्रधान चित्रात चेहरा किंवा हात दाखवायला चित्रकार अनेकदा कागदच मोकळा सोडतो. कोकणपट्टीतल्या पावसाळी दमटपणाने तिथे तपकिरी ठिपके उमटले की गालावर देवीचे व्रण उठावेत तशी आकृती विद्रूप होते. फ्रेमवाल्याची घाईही तेवढीच घातक: प्लायवर चिकटवणं, सेलोटेप लावणं, फ्रेममध्ये बसावं म्हणून समास कापणं. मागे आम्लविरहित माउंटबोर्ड हवा, ठसा जपानी कागदाच्या बिजागऱ्या आणि गव्हाच्या खळीने टांगलेला हवा, काच चित्राला टेकता कामा नये. ओल धरणारी बाहेरची भिंत टाळावी, थेट ऊनही. अतिनील किरण अडवणारी काच लावली तरी रंग उडणं फक्त लांबतं, थांबत नाही.

अशा फ्रेमिंगचा खर्च भारी वाटतो, ही तक्रार रास्त आहे. पण चिकटवलेला ठसा सोडवण्याचं काम त्याहून महाग आणि जोखमीचं असतं, आणि कापलेला समास तर कुणालाच परत आणता येत नाही. तेव्हा पुढच्या वेळी ठसा घेताना तो फ्रेममधून बाहेर काढून दाखवायला सांगा, पाठही बघा. विक्रेता तयार नसेल तर सही कितीही झोकदार असो, पैसे खिशातच ठेवा.